उडत्या आसनाचे शास्त्र

आजच्या विषयाचे नाव ऐकून मंडळींना वाटले असेल की, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हा कसला पोरखेळ आणून ठेवला आहे! इतिहास, संतवाङ्मय, शेती, अर्थकारण असल्या भारदस्त विषयांच्या पंक्तीला एका हलणाऱ्या खुर्चीने येऊन बसावे, हे जरा चमत्कारिकच. आमची विनंती एवढीच की, ही खुर्ची हलते कशी आणि का, हे आधी समजावून घ्यावे. मग ती खेळणे आहे की शिक्षक आहे, याचा निवाडा श्रोत्यांनीच करावा.

संगणकावर विमान चालवण्याचा खेळ आता पुष्कळ घरांतून पोहोचला आहे. त्याला सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर धावपट्टी दिसते, घड्याळांसारखी यंत्रे दिसतात, हातातला दांडा मागे ओढला की विमानाचे नाक वर जाते. त्यांतले काही सिम्युलेटर इतके काटेकोर असतात की, वारा, वजन आणि पंखांवरील हवेचा दाब यांचे गणित ते क्षणोक्षणी मांडीत असतात. उणीव एकच राहते. विमान वळते, गोता घेते, धावपट्टीवर आपटते. बसलेला गृहस्थ मात्र लाकडी खुर्चीत ढिम्म! डोळे आकाशात आणि बूड जमिनीवर, अशी त्याची स्थिती असते. ही उणीव भरून काढण्यासाठी जगभरची हौशी मंडळी घरच्या घरी हलते आसन तयार करतात. आम्ही व आमच्या दोन स्नेह्यांनीही चांदवडला तसे एक आसन केले. त्याचा हा वृत्तांत आहे.

विमान हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. चांदवडहून नाशिकला जाताना वाटेत ओझर लागते. मिग विमाने बांधण्यासाठी तेथील कारखाना १९६४ साली उभा राहिला. मिगनंतर सुखोई विमानेही तेथेच तयार झाली. सैन्याच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण देणारी शाळा २००३ पासून नाशिकला आहे. तेव्हा आकाशातला आवाज ऐकून मान वर करणाऱ्या मुलाला ‘विमानात बसल्यावर नेमके काय वाटते?’ असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर देणे आपले कर्तव्यच ठरते.

पेटीच्या भात्यातून निघालेले विमान

या आसनाचा मूळपुरुष अमेरिकेतला एडविन लिंक. त्याच्या वडिलांचा बिंगहॅम्टन या गावी पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या कीर्तनातली किंवा नाटकातली पायपेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ऑर्गनचे मर्म सांगायला नको. भात्याने हवा ओढायची अथवा दाबायची, आणि ती हवी त्या वाटेने सोडायची. लिंकला विमानाचा नाद लागला होता, पण शिकवणी फार महाग. तेव्हा त्याने विचार केला की, ज्या भात्याने सूर उमटतो त्याच भात्याने माणसालाही उचलता येईल. १९२९ साली त्याने कारखान्यातच एक आखूड पंखांचे बुटके लाकडी विमान तयार केले आणि ते भात्यांवर बसवले. आतल्या माणसाने दांडा डावीकडे नेला की डाव्या भात्यातली हवा कमी होई आणि विमान डावीकडे कलत असे.

प्रथम प्रथम लोकांनी त्याला जत्रेतले खेळणेच मानले, आणि खरोखरच ते करमणुकीच्या बागांतून विकलेही गेले. पण १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगात आणि अंधारात केवळ यंत्रांकडे पाहून विमान चालवण्याची सवय वैमानिकांना नव्हती. थोड्याच आठवड्यांत अनेकांचे प्राण गेले. तेव्हा सैन्याला त्या खेळण्याची आठवण झाली आणि लिंकची सहा यंत्रे विकत घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात तर दोस्तराष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी ढगातल्या उड्डाणाचा पहिला धडा या लाकडी विमानात घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खेळण्याला शिक्षकाची पदवी मिळाली ती मनुष्यहानीनंतर. पुढे ही गोष्ट पुन्हा येणार आहे.

कानातले पाणी आणि कानातले खडे

खुर्ची हलवायची म्हणजे शरीराला काहीतरी सांगायचे. मग शरीर ते ऐकते कशाने? पहिले उत्तर कानाने, असे आहे. कानाच्या आतल्या भागात ऐकण्याच्या इंद्रियाशेजारीच तोल सांभाळणारे इंद्रिय आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्या परस्परांशी काटकोनात बसवलेल्या आहेत. नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके फिरले की नळी फिरते, पण आतला द्रव किंचित मागे रेंगाळतो. त्यामुळे नळीतला एक नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला ‘आपण फिरत आहोत’ अशी वर्दी जाते.

याचा प्रयोग घरी करता येतो. तांब्या पाण्याने भरावा, त्यात तुळशीचे पान टाकावे आणि तांब्या पाटावर झटकन फिरवावा. तांब्या फिरतो, पान जागच्या जागी राहते. पण तांब्या एकाच गतीने फिरवीत राहिलात तर थोड्या वेळाने पाणीही त्याच्याबरोबर फिरू लागते. आता तांब्याच्या दृष्टीने पान स्थिरच आहे. मग तांब्या एकदम थांबवावा: पान पुढे फिरतच राहते! कानाचे असेच होते. चाकाच्या फिरत्या खुर्चीत कोणाला डोळे मिटवून बसवा आणि एकसारखे सावकाश फिरवा. सुमारे वीस सेकंदांत तो म्हणेल की, खुर्ची थांबली. ती खरोखर थांबवलीत की तो म्हणेल, आता उलटी फिरू लागली. माणूस खोटे बोलत नाही. त्याचा कानच त्याला तसे सांगत असतो. शिवाय ही नळी फार हळू झालेला फेर टिपतच नाही. सेकंदाला सुमारे दोन अंशांहून सावकाश फिरवले तर पुष्कळांना त्याचा पत्ता लागत नाही.

नळ्यांच्या जोडीला दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत चुन्याचे अतिशय बारीक खडे एका मऊ थरावर बसलेले असतात. डोके मागे कलले की खडे मागे ओघळू पाहतात. मौज अशी की, वाहन एकाएकी जोरात पुढे सुटले तरीही खडे मागेच ओढले जातात. मान मागे कलली की गाडीने वेग घेतला, हा भेद खड्यांना कळत नाही. तो डोळ्यांनी सांगावा लागतो. एस.टी. स्थानकातून झटक्याने निघाली म्हणजे अंधारात बसलेल्या उतारूला गाडी चढावर असल्याचा भास होतो, तो याच कारणाने.

फसवणुकीचे गणित

आता खुर्ची करणाऱ्याची अडचण पाहा. विमान मैलोगणती जाते. आपली खुर्ची खोलीतून बाहेर पडू शकत नाही. विमानाच्या हालचालींची नक्कल करणे अशक्य. पण शरीराला हालचालीचा आरंभ मुख्यतः कळतो, मधला भाग कळत नाही, हे वर पाहिलेच. तेव्हा युक्ती अशी: हालचालीचा आरंभ तेवढा ठसठशीतपणे द्यायचा आणि मग खुर्ची इतक्या सावकाश मूळ जागी आणायची की बसणाऱ्याला सुगावा लागू नये. असे केले म्हणजे पुढचा धक्का देण्यासाठी खुर्ची पुन्हा मोकळी होते. जत्रेतला पाळणेवाला जसा एक झोका देऊन हात मागे घेतो, तसेच हे. मोठ्या कंपन्यांचे, सहा पायांवर उभे असलेले आणि खोलीएवढे सिम्युलेटरही याच युक्तीवर चालतात.

दुसरी युक्ती खड्यांच्या अज्ञानावर उभी आहे. उड्डाणासाठी विमान धावपट्टीवर धावू लागले की पाठ खुर्चीला चिकटते. हा रेटा साधारण वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास असतो. खोलीत तो द्यायचा कसा? पडद्यावर धावपट्टी सपाट दिसत ठेवायची आणि खुर्ची हळूच मागे कलवायची. सात अंश कलवली तर वजनाचा सुमारे आठवा हिस्सा पाठीवर येतो. तो अर्धाच झाला, पण डोळ्यांनी धावपट्टी मागे पळताना पाहिली की मेंदू उरलेले आपल्या पदरचे घालतो.

आम्ही पहिली चूक केली ती इथेच. आमचा सरळ हिशोब असा की, विमान जितके अंश डावीकडे कलले तितकेच अंश खुर्ची कलवावी. सैन्यातून निवृत्त झालेले एक वैमानिक आमच्याकडे आले, दहा मिनिटे बसले आणि हसून म्हणाले, “अहो, हे विमान नव्हे, ही होडी झाली!” कारण त्यांनी समजावून सांगितले. राहूडच्या घाटात बस वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, कारण रस्ता बसला पुरेसे कलू देत नाही. विमान मात्र वळताना आपणच कलते, आणि नीट साधलेल्या वळणात पोटातले पाणी हलत नाही. हातातल्या पेल्यातले पाणीही पेल्याच्या काठांशी समांतरच राहते. वजन सरळ खुर्चीच्या बैठकीवरच पडते, फक्त थोडे वाढते. तेव्हा वळण सुरू होताना खुर्चीने कूस बदलल्याचा झटका द्यावा आणि लगेच हळूहळू सरळ व्हावे. पडद्यावर क्षितिज तिरपे दिसत असले तरीही. आम्ही तसे केले आणि होडीचे विमान झाले.

भंगारातला कारखाना

आता प्रत्यक्ष बांधणी सांगतो. आपले गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर असल्यामुळे गॅरेजे आणि भंगारवाले यांची उणीव नाही, आणि या कामाला निम्मे सामान तेथूनच मिळते. खाली चौकोनी पाइपाची वेल्डिंग केलेली चौकट. तिच्या मधोमध एक खांब, आणि खांबाच्या डोक्यावर ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला असतो तो क्रॉसचा सांधा. हा सांधा पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे कलू देतो, पण जागच्या जागी गरकन फिरू देत नाही. आपल्याला हवे तेच नेमके. त्यावर मोटारीची जुनी खुर्ची.

खुर्चीच्या मागे डाव्या व उजव्या कोपऱ्यात गाडीच्या वायपरची एकेक मोटर. दोन्ही मोटरींनी एकदम ओढले की खुर्ची मागे कलते, दोघींनी ढकलले की पुढे; एकीने ओढले व दुसरीने ढकलले की कूस बदलते. बैलगाडीच्या दोन कासऱ्यांसारखा हा प्रकार आहे. वायपरची मोटर मिनिटाला साधारण चाळीस ते साठ फेरे घेते आणि तिच्यात मळसूत्री दातांचे चक्र असल्यामुळे वीज गेली तरी भाराने ती सहसा उलटी फिरत नाही. खुर्ची आहे तेथेच थबकते.

एवढीशी मोटर माणसाला उचलील कशी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर हिशोबात आहे. माणूस व खुर्ची मिळून ८५ किलो धरू. भाराचा मध्य सांध्याच्या वर ३० सेंटिमीटर असेल, तर खुर्ची सात अंश कलल्यावर तो बाजूला सरकतो जेमतेम ३.७ सेंटिमीटर. मोटरीची दांडी सांध्यापासून ४० सेंटिमीटरवर जोडलेली असेल, तर तिला पेलावे लागतात ८ किलोंहून कमी. दोन मोटरींत वाटले की प्रत्येकी चार. धक्के देताना जोर अधिक लागतो, तरी मोटरीच्या ताकदीत ते बसते. तोलून धरलेल्या वस्तूला बोटानेही कलवता येते. तराजूचे हेच तत्त्व आहे. हीच खुर्ची एका कडेला बिजागरीने बांधली असती तर निम्मे वजन मोटरींच्या माथी आले असते.

मोटरीला नुसती वीज देऊन भागत नाही. ती किती फिरली हेही कळले पाहिजे. त्यासाठी तिच्या आसाला जोडायचा रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला पोटेन्शिओमीटर. आस फिरला की त्यातून निघणारा दाब बदलतो, आणि आर्डुइनो नावाची हातावर मावणारी संगणक-पाटी तो ० ते १०२३ या आकड्यांत वाचते. फ्लाइटगिअर नावाचा, कोणालाही मोफत मिळणारा सिम्युलेटर विमानाचे कल व वेगबदल यांचे आकडे सेकंदाला कित्येक वेळा बाहेर पाठवू शकतो. पाटीने ‘खुर्ची असावी कोठे’ आणि ‘आहे कोठे’ यांतली तफावत पाहायची आणि त्या मानाने मोटरीला वीज द्यायची. तफावत मोठी तर जोर मोठा, लहान तर लहान. नुसते एवढेच केले तर खुर्ची ठिकाणावरून पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि डुगडुगत राहते. म्हणून ठिकाण जवळ येत असतानाच जोर ओसरवावा लागतो. खळ्यात गाडी उभी करणारा गडी बैलांना आधीपासून आवरीत आणतो, तसे.

पडद्यातले दृश्य आणि खुर्चीचा धक्का यांत फार अंतर पडू देऊ नये. उच्च दर्जाच्या मोठ्या सिम्युलेटरांना पुष्कळ वर्षे ०.१५ सेकंदाची मर्यादा घातलेली होती. विलंब वाढला की डोळे एक सांगतात, कान दुसरे, आणि बसणाऱ्याला मळमळू लागते.

खुर्चीला आलेला अपघात

सर्व जमले, गावातली मुले येऊन बसू लागली, आणि एके संध्याकाळी आमचा भाचा खुर्चीत असताना ती पिसाळली. एकाएकी ती पुढे-मागे जोरजोराने आपटू लागली. मुलाचा गुडघा टेबलावर आदळला. आम्ही भिंतीवरचे बटण बंद करीपर्यंत तीन-चार सेकंद गेले, पण ते फार लांबले. सुदैवाने दुखापत गुडघ्यापुरतीच राहिली.

कारण शोधले तेव्हा एक तुटलेली तार सापडली. पोटेन्शिओमीटरची ग्राउंडची तार सतत हलून तुटली होती. त्यामुळे पाटीला एकच आकडा दिसू लागला: १०२३. म्हणजे ‘खुर्ची अगदी टोकाला आहे’. ती मध्यावर होती, पण पाटीला ते कसे कळावे? तिने प्रामाणिकपणे मोटरीला उलट दिशेने पूर्ण जोर लावला. मोटर फिरत राहिली, आकडा मात्र बदलेना, म्हणून ती आणखी जोर लावीत राहिली. पाटीचे गणित बरोबर होते. तिने एकाच साक्षीदारावर विश्वास टाकला होता आणि तो साक्षीदार खोटा पडला होता.

त्या दिवसापासून आमच्या खुर्चीत चार गोष्टी आल्या. आकडा १०० च्या खाली किंवा ९०० च्या वर गेला की वीज आपोआप तुटते. प्रत्येक मोटरीवर दोन पोटेन्शिओमीटर आहेत. दोघांचे म्हणणे जुळले नाही तरीही वीज तुटते. खुर्चीखाली रबराचे अडसर आहेत. आणि बसणाऱ्याच्या हाताशी मोठे लाल बटण आहे. हे चारही झाल्याखेरीज आम्ही कोणाला बसू दिले नाही, आणि जे असे आसन करू इच्छितात त्यांनीही बसू देऊ नये. दांड्यांच्या फटीत लहान मुलांची बोटे जाऊ नयेत म्हणून पत्र्याचे आवरण घालावे, हे वेगळे सांगायला नको.

एकाच साक्षीची किंमत

भाच्याच्या गुडघ्यावरून एक फार मोठी गोष्ट आठवली. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले. समुद्रावर आल्यावर उजवीकडचे वळण संपवून ते सरळ झाले होते. पण मुख्य वैमानिकासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले होते; ते विमान अजून उजवीकडेच कललेले दाखवीत होते. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. विमान सरळ करण्यासाठी म्हणून ते डावीकडे कलवले गेले, आणि ते अधिकाधिक कलत राहिले. शेजारी दुसरी यंत्रे होती. फ्लाइट इंजिनिअर त्यांच्याकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न करीत असल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसून आले. पण वेळ उरला नव्हता. उड्डाणापासून दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर विमान समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली.

कोणाला दोष देण्यासाठी ही घटना आम्ही सांगत नाही. अशा वेळी माणसाचे शरीर त्याच्या मदतीला येत नाही, हे ध्यानात यावे म्हणून सांगितली. क्षितिज नसले की कानातले पाणी आणि खडे यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. वैमानिकाला म्हणूनच शिकवतात की, शरीर सांगते त्यावर जाऊ नये, यंत्रे पाहावीत; आणि एकाच यंत्रावरही जाऊ नये, दुसरे व तिसरे पाहावे आणि दोघांचे जुळते त्याचे मानावे.

हा धडा पुस्तकातून पाठ होतो, पण अंगी मुरत नाही. आमच्या खुर्चीत तो मुरतो. आम्ही मुलांना पडद्यावर ढग दाखवतो, खुर्चीला एक झटका डावीकडे देतो आणि मग तिला न कळत सरळ करतो. मुलगा छातीठोकपणे सांगतो की, विमान सरळ चालले आहे. मग आम्ही त्याला यंत्र दाखवतो: विमान तीस अंश कलून खाली घसरत असते. त्याच्या चेहऱ्यावर जो विस्मय उमटतो तो आमच्या सर्व श्रमांचे मोल आहे. पुढच्या वेळी तोच मुलगा बोलण्यापूर्वी आधी यंत्रे पाहतो. एक नव्हे, दोन.

खुर्चीची थोरवी वाढवून सांगणे मात्र बरे नव्हे. अशा घरगुती साधनावर घालवलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. हलणाऱ्या सिम्युलेटरात शिकलेला वैमानिक न हलणाऱ्या सिम्युलेटरात शिकलेल्यापेक्षा सरस निघतो की नाही, याविषयी तज्ज्ञांतही अनेक वर्षे वाद आहे. खर्च म्हणाल तर जुने सामान घेतल्यास एका बऱ्या मोबाइल फोनच्या किमतीत काम होते. आपल्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गॅरेजांतून कसबी हात आहेत; ही दोन टोके एका खुर्चीभोवती एकत्र आली तर याहून पुष्कळ चांगले आसन तयार होईल, याबद्दल आम्हास शंका नाही.

आमची खुर्ची पाहू इच्छिणाऱ्यांनी जरूर यावे. बसण्यापूर्वी लाल बटण कोठे आहे ते विचारून घ्यावे, आणि आम्ही दाखवले तरी एकदा स्वतः दाबून पाहावे.